दसऱ्याच्या आत

आमच्याकडे वर्षाचे दोनच भाग असतात. ऊसतोडीच्या टोळ्या गावात असतात तो एक, आणि टोळ्या साखर कारखान्यावर असतात तो दुसरा. दसरा झाला की ट्रक लागतात, बालाघाटाच्या डोंगरातल्या वस्त्यांवर म्हातारी माणसं आणि कुलपं उरतात. गुढीपाडव्याच्या आगेमागे सगळे परततात. बीड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी आहे. गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी कोणत्या महिन्यात करायची, हे मला फार उशिरा कळलं. कसं कळलं ते आज लिहितो आहे.

2019 च्या पितृपक्षात आम्ही शिबिर घेतलं. मांडव, बॅनर, चहा, सगळं झालं. सिस्टरनी दिवसभर तपासण्या केल्या. पद्धत साधी आहे: पिशवीच्या तोंडाला अॅसिटिक अॅसिडचं पाणी लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि चांगल्या उजेडात बघायचं. पेशी बिघडायला लागल्या असतील तर तेवढी जागा पांढरी होते. त्या दिवशी चार बायकांना पांढरा चट्टा दिसला. मी चौघींना उपजिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी लिहून दिली आणि म्हणालो, काळजी करू नका. संध्याकाळी फोटोसकट अहवाल गेला. माझ्या लेखी काम संपलं होतं.

त्यातल्या एका ताईचं वय 38. तिला गुरुवारची तारीख दिली होती आणि तिची टोळी बुधवारी निघाली. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, थांबणार कशी? त्या हंगामाच्या शेवटी कोरोना आला. त्यानंतर आणखी दोन हंगाम गेले. 2022 च्या पावसाळ्यात ती आमच्या ओपीडीत आली, अंगावरून लाल जातंय आणि वास येतोय म्हणून. सिस्टरनी तपासलं आणि न बोलता मला बाहेर बोलावलं. आधार कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात तिने माझी चिठ्ठी अजून जपून ठेवली होती, घडीवर फाटत आलेली. मी विचारलं, ताई, गेला का नाहीत? ती म्हणाली, "तुम्हीच म्हनले व्हते ना साहेब, काळजी करू नका. मंग म्या न्हाई केली."

बायोप्सी झाली. तिसरी स्टेज. बार्शीला शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यायचे ठरले. पुढच्या संक्रांतीच्या आत ती गेली.

तिला भेटायला मी दोनदा बार्शीला गेलो होतो. तिथलं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आमच्या भागातल्या लोकांना नुसतं 'बार्शी' म्हणून माहीत आहे. 1987 मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी इथे सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावोगावी जाऊन लोक कॅन्सरच्या नोंदी घेत आणि त्याच फेरीत बायकांशी लक्षणांबद्दल बोलत. डॉ. भगवान नेने यांनी हे काम उभं केलं. टाटा मेमोरियलच्या साथीने त्यांनी शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, जो अभ्यास केला, तो मी त्या हॉस्पिटलच्या बाकावर बसून मोबाईलवर पहिल्यांदा पूर्ण वाचला. गावांचे 52 गट आणि 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया. 2009 साली निष्कर्ष छापून आले. ज्या गटात एचपीव्हीची, म्हणजे संबंधांतून पसरणाऱ्या आणि हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची, तपासणी एकदाच केली होती, तिथे या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. अॅसिटिक अॅसिडच्या एकाच तपासणीने मात्र मृत्यूंत म्हणावी अशी घट दिसली नाही.

हे वाचून मी हबकलो. आम्ही करतो ती हीच तपासणी. मग मुंबईचा अभ्यास वाचला. टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी 1998 पासून तिथल्या झोपडपट्ट्यांत दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायकांना हेच काम शिकवलं. दर दोन वर्षांनी एक, अशा चार फेऱ्या झाल्या. मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. अॅसिड तेच. तुलनेसाठी ज्या बायकांची तपासणी केली नव्हती, त्यांच्यातल्या मृत्यूंवरून पुढे मोठा वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण त्या आकड्यांतून मी माझ्यापुरतं हे घेतलं की पुन्हा त्याच दारात जाणं हा उपचाराचाच भाग आहे. मी एकदा मांडव घातला आणि मोकळा झालो.

त्यानंतर काय बदललं? मी पुरुष आहे. तपासणीच्या टेबलाजवळ माझी गरज नाही, आणि तिथे मी नसलेलाच बरा. तपासणी सिस्टर करतात, त्यांची नजर या कामात माझ्यापेक्षा तयार आहे. माझं काम टेबलाच्या चारी बाजूंना आहे. खोलीला आतून कडी हवी, पडदा खालपर्यंत हवा, बॅटरीचा उजेड पिवळा पडलेला नको. पाच मिली अॅसिटिक अॅसिड आणि पंच्याण्णव मिली पाणी, रोज ताजं. कालचं उरलेलं वापरायचं नाही. तपासण्या जून ते ऑगस्टमध्ये. पितृपक्षात एकही नवी तपासणी नाही, कारण तोवर पांढरा चट्टा सापडलेल्या प्रत्येकीचा उपचार उरकलेला असला पाहिजे.

आणि वही. दोनशे पानी साधी वही, माझ्या टेबलावर असते. तिच्यात फक्त चट्टा दिसलेल्या बायकांची नावं, वस्ती, मुकादमाचा फोन. चिठ्ठी दिल्यावर नाव खोडत नाही. उपचाराचा कागद मी डोळ्यांनी पाहिला की खोडतो. दर शनिवारी ओपीडी संपल्यावर आशाताई, सिस्टर आणि मी ती वही उघडून बसतो.

सगळ्यात जास्त वेळ जातो पुरुषांशी बोलण्यात, आणि इथे माझं पुरुष असणं उपयोगी पडतं. मुकादमाला सांगावं लागतं की या बाईच्या दोन दिवसांचा खाडा धरू नको. नवऱ्याला सांगावं लागतं की उपचारानंतर महिनाभर जवळ जायचं नाही. मग तो हमखास विचारतो, "हा विषाणू आला कुणाकडून?" पहिल्यांदा मी गडबडलो होतो. आता सरळ सांगतो: हा बहुतेक माणसांना आयुष्यात कधीतरी होऊन जातो, वीस वर्षांपूर्वीचाही असू शकतो, कुणाकडून आला हे कोणत्याही तपासणीत कळत नाही. ते ऐकून एक जण माझ्यासमोर घळाघळा रडला होता. बायकोला महिनाभर बोलत नव्हता तो.

आणखी एक वाक्य रोज ऐकतो: "साहेब, काढूनच टाका ना पिशवी एकदाची." आमच्या जिल्ह्यात हे वाक्य कुठून आलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याच्या ऑपरेशनांची चौकशी करायला 2019 साली सरकारला समिती नेमावी लागली. अंगावरून पांढरं जातं म्हणून कॅन्सरची भीती घालून तिशीतल्या बायकांची पिशवी गेली. म्हणून मी 'नको' हा शब्द फार ठाम म्हणतो. चट्टा लहान असेल तर साधारण शंभर अंशांपर्यंत तापवलेल्या उपकरणाने तेवढी जागा अर्ध्या मिनिटाच्या आसपास जाळतात. बाई त्याच दिवशी घरी जाते, पिशवी जागेवर राहते. 'काळजी करू नका' मात्र मी आता म्हणत नाही. म्हणतो, काळजीचं आहे, पण दसऱ्याच्या आत मिटवता येतं.

यंदा वहीत अकरा नावं आली. आठ खोडली. उरलेल्या तिघींपैकी एकीची टोळी सोमवारी हलणार आहे, कर्नाटकात. मुकादमाशी परवा बोललो, तो एक दिवस थांबायला तयार झाला आहे. उद्या सकाळी साडेसहाला गाडी वस्तीवर जाईल. ड्रायव्हरला रस्ता माहीत नाही म्हणून आशाताई रात्रीच तिथे मुक्कामाला गेल्या आहेत.