१२१० साठी इंजिन

"मिस्त्री, आता भंगारात घालूया काय?" मालकानं विचारलं तेव्हा माझ्या घशाला कोरड पडली. कागलकडचा शेतकरी माणूस. वडिलांनी ज्या टाटा १२१० ट्रकवर आयुष्यभर ऊस ओढला, ती गाडी त्याला पुन्हा रस्त्यावर बघायची होती. केबिन, पाटे, ब्रेक, वायरिंग सगळं झालं होतं. अडलं होतं ते इंजिनपाशी.

क्रँक ग्राइंड करून घेतला, नवे स्लीव्ह, पिस्टन, बेअरिंग घातले, आणि चौथ्या दिवशी डिपस्टिकला दुधासारखं ऑइल आलं, म्हणजे ऑइलमध्ये पाणी उतरत होतं. हेडला फेस मारून घेतला, गॅस्केट बदललं. परत तेच. शेवटी भेग शोधायला ब्लॉक कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेऊन प्रेशरला लावला, तर तिसऱ्या सिलिंडरमागची भेग थेट मेन बेअरिंगपर्यंत उतरलेली. हे काम सगळ्यात आधी करायला हवं होतं. ते मी केलं नाही, आणि त्याचे पैसे मालकाच्या खिशातून गेले. ही गोष्ट मला अजून टोचते.

मालकाचा मेहुणा म्हणाला, कमिन्सचं इंजिन बसवा. पण मग माउंटिंग, गिअरबॉक्सकडचं बेल हाउसिंग सगळंच बदलावं लागतं, आरटीओचं काम वाढतं. शिवाय या गाडीच्या मूळच्या ६९७ इंजिनची गोष्टच वेगळी. ६ सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर, म्हणून ६९७. १९५४ मध्ये टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, मर्सिडीजवाल्यांशी करार केला, त्या घराण्यातलं हे इंजिन. गावात ही गाडी आवाजावरनं ओळखत होते. दुसरं इंजिन घालून तो आवाज कुठनं आणणार?

महिनाभर फोन केल्यावर शिरोलीच्या पुढं एका गाड्या तोडणाऱ्याकडं दोन ६९७ असल्याचं कळलं. सकाळीच मालकाला घेऊन गेलो.

पहिलं नव्या रंगात चकाचक. मालकाचे डोळे तिथंच अडकले. मी मात्र बघत होतो की रंग नटांवरनं, गॅस्केटच्या कडेवरनं सरसकट मारलाय. बेल हाउसिंगच्या खालच्या भोकात बोट घातलं, तर नखात बारीक, वाळलेला गाळ आला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी इथं हायवेवर चढलं होतं, कित्येक दिवस गाड्या अडकून पडल्या होत्या. तो गाळ कोल्हापुरात कुणाला ओळखायला शिकवावा लागत नाही. बोट मालकासमोर धरलं. तो काही बोलला नाही.

दुसरं कोपऱ्यात, काळं, तेलकट. पण इनलेट-एक्झॉस्टच्या तोंडात कुणीतरी तेलात भिजवलेली फडकी घट्ट कोंबलेली, इंजेक्टरच्या पाइपांना पिशव्या बांधलेल्या. ज्यानं उतरवलं त्याचा जीव होता त्या इंजिनवर. पुलीच्या नटाला पाना लावून हळूहळू फिरवलं. दोन फेऱ्यांत सहा वेळा हाताला दाब लागायला हवा. एक, दोन, तीन... सहाही लागले, सारखे. डिपस्टिकचं ऑइल काळं होतं, पण त्यात पाण्याचा टिपूस नव्हता.

"चालू करून दाखवाल काय?"

"करा की, तुमचंच समजा," यार्डवाले दादा म्हणाले. जमिनीवर लाकडं लावून इंजिन पक्कं बसवलं. डिझेलची बाटली टांगली, जॅकेटमध्ये पाइपनं पाणी सोडलं, हँड प्रायमर मारून हवा काढली. बॅटरी लावल्यावर दोनदा नुसतं फिरलं. तिसऱ्यांदा पांढरा धूर सोडत पकडलं. मिनिटाभरात धूर विरळ झाला. ऑइल भरायचं झाकण काढून तळहात धरला. किंचित वाफ होती, फुत्कार नव्हता. ऑइलच्या प्रेशरचा काटा वर जाऊन थांबला तो हललाच नाही.

मालकानं खिशातला फोन काढला, इंजिनजवळ धरला. "आबा, ऐकू येतंय काय?" एवढंच बोलला. पलीकडनं काय उत्तर आलं ते आवाजात मला ऐकू आलं नाही, पण त्याचे डोळे भरले होते.

भाव फार ताणला नाही. हे इंजिन ज्या गाडीतनं उतरवलं तिची कागदपत्रं आणि बिल हातात घेतल्याशिवाय मात्र हललो नाही. आरसीवर नवा नंबर चढवायचा तर ती लागतातच. चेन ब्लॉकनं इंजिन टेम्पोत चढवण्याआधी ब्लॉकवरचा नंबर रॉकेलच्या फडक्यानं पुसला, त्यावर कागद ठेवला आणि पेन्सिल घासून छाप घेतला. एकेक आकडा स्वच्छ उठला.