नऊपैकी सहा

लुईसबर्गला पोचलो त्या संध्याकाळी पाऊस असा आडवा येत होता की गाडीपासून घराच्या दारापर्यंत जाईस्तोवर सासूबाईंचा रेनकोट आतूनही भिजला. घरमालकीणबाईंनी काही न विचारता त्यांचे बूट काढून घेतले, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि चुलीजवळ ठेवले. मग चहा, सोडा ब्रेड आणि बोटभर जाड लोणी. परदेशात एवढी वर्षं राहून मला कुठल्याही घरात इतकं चटकन घरच्यासारखं वाटलेलं नाही. पश्चिम आयर्लंडच्या या टोकाला, मेयो परगण्यात, आम्ही आलो होतो सासूबाईंच्या पणजीचं घर शोधायला.

मी साताऱ्याची, सासूबाई बॉस्टनच्या. वय ७८. नवऱ्याला रजा मिळेना, त्यांना एकटं पाठवायचं नव्हतं, म्हणून मी निघाले. खरं सांगायचं तर मनाविरुद्ध निघाले. अमेरिकेतली माणसं दीडशे वर्षांपूर्वीच्या गावासाठी इतकी का हळवी होतात हे मला कधी कळलं नव्हतं. आमच्या घराण्याची नावं त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत आहेत. लहानपणी बाबांबरोबर गेले होते, तेव्हा गुरुजींनी वही उघडली आणि सात पिढ्या घडाघडा वाचून दाखवल्या. ज्याचं सगळं असं लिहून ठेवलेलं असतं, त्याला शोधणाऱ्याची तगमग समजत नाही.

सासूबाईंकडे पणजीचा एक फोटो होता आणि एक शब्द होता, मेयो. पणजीचं नाव ब्रिजेट. १८८० च्या सुमारास, बाविशीत, ती बॉस्टनला आली आणि लोकांच्या घरी स्वयंपाकपाणी करू लागली. त्या काळी आयर्लंडहून एकट्या तरुण मुली फार मोठ्या संख्येनं येत आणि बहुतेकींना घरकामच मिळे. इतकं, की तिथल्या मालकिणी कामवालीला सरसकट ‘ब्रिजेट’च म्हणत, तिचं नाव काहीही असो. आमच्या ब्रिजेटच्या मृत्यूच्या दाखल्यावर जन्मस्थळाच्या जागी एकच शब्द आहे, आयर्लंड. गाव नाही, परगणा नाही.

दोन वर्षांपूर्वी सासूबाईंनी पैसे मोजून एका माणसाकडून वंशावळ करून घेतली होती. छान बांधलेली फाइल आली, पहिल्याच पानावर घराण्याचं रंगीत मानचिन्ह. नंतर कळलं की तो सगळा वंश दुसऱ्याच परगण्यातल्या दुसऱ्याच ब्रिजेटचा. पुढे डब्लिनमधल्या दुकानांत तीच मानचिन्हं मगांवर आणि की-चेनवर आडनावाप्रमाणे टांगलेली पाहिली तेव्हा माझं डोकं फिरलं. उपाशी पोटी देश सोडलेल्या माणसांच्या नातवंडांना ढाली आणि सिंह विकायचे?

गाव सापडलं ते एका जाहिरातीमुळे. बॉस्टनच्या ‘पायलट’ या कॅथलिक साप्ताहिकात १८३१ पासून १९२१ पर्यंत हरवलेल्या आप्तांचा रकाना असे. ताटातूट झालेले लोक त्यात एकमेकांना शोधत. त्या जाहिरातींची सूची आता इंटरनेटवर आहे. एका रात्री सासूबाईंना त्यात ब्रिजेटच्या थोरल्या बहिणीची जाहिरात दिसली. ती भावाला शोधत होती. मेयो परगणा, किलगीव्हर पॅरिश म्हणजे चर्चचा विभाग, त्याखाली वाडीचं नाव. शेवटची खबर पेनसिल्व्हेनियातल्या कोळशाच्या खाणीतून आलेली. असा कुणी भाऊ होता हे घरात कुणाला ठाऊकच नव्हतं.

डब्लिनचे तीन दिवस राष्ट्रीय ग्रंथालयात गेले, बाकी डब्लिन मी पाहिलंच नाही. तिथल्या सल्लागार बाईंनी एक पैसा न घेता तासभर बसून समजावलं. १९२२ च्या जूनमध्ये, यादवीच्या पहिल्याच दिवसांत, फोर कोर्ट्स या डब्लिनच्या न्यायालयाच्या आवारातल्या सरकारी दप्तरखान्याला आग लागली आणि शतकांची कागदपत्रं गेली. १८२१ ते १८५१ च्या जनगणनेतलं जे काही आज आहे ते चुकून वाचलेलं. त्यापुढच्या चार जनगणनांचे कागद तर सरकारनंच आधी नष्ट केले होते. कॅथलिकांच्या जन्माची सरकारी नोंद सुरू झाली १८६४ ला. ब्रिजेट त्याआधी सहा वर्षं जन्मलेली. राहिल्या चर्चच्या वह्या, त्याही लॅटिनमध्ये. १८५८ सालच्या पानावर, पसरलेल्या शाईत ‘ब्रिगिडा’ दिसलं, शेजारी आईबापांची नावं आणि तीच वाडी. सासूबाईंनी पडद्यावर बोट टेकवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

वेस्टपोर्टपर्यंत आगगाडीनं सव्वातीन तास, पुढे भाड्याची गाडी. वाटेत मरिस्कला दुष्काळाचं राष्ट्रीय स्मारक लागलं. काशाचं जहाज आहे आणि त्याच्या डोलकाठ्यांना शिडांऐवजी माणसांचे सांगाडे. पावसामुळे गाडीतूनच पाहिलं.

आता त्या रात्रीबद्दल.

१९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे कागद मात्र शाबूत आहेत आणि राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. आम्ही ते आधी का पाहिले नाहीत? कारण ब्रिजेट तेव्हा बॉस्टनमध्ये होती. आपण गेलेल्यांना शोधत होतो, मागे राहिलेल्यांचा विचारच मनात आला नव्हता. जेवण झाल्यावर मी सहज वाडीचं नाव टाकलं आणि २ एप्रिल १९११ च्या रात्रीचा फॉर्म उघडला. कुटुंबप्रमुख म्हणून ब्रिजेटची आई. विधवा. वाचता येत नाही. भाषा आयरिश आणि इंग्रजी. घरात ती आणि तिचा चाळिशीचा बिनलग्नाचा मुलगा. सोबतच्या दुसऱ्या कागदावर घर: दगडी भिंती, गवताचं छप्पर, दोन खोल्या, पुढच्या बाजूला एक खिडकी. सहीच्या जागी फुली.

वय ७८. मी १९०१ चा फॉर्म काढला तर तिथं ६०. दहा वर्षांत बाई अठरा वर्षांनी वाढली! घरमालकीणबाई हसल्या. १९०९ पासून सत्तरीच्या वरच्यांना आठवड्याला पाच शिलिंग पेन्शन सुरू झालं होतं आणि जन्माचा दाखला कुणाकडेच नव्हता, त्यामुळे अख्खा देश असा एकदम म्हातारा झाला, असं त्या म्हणाल्या.

मग मी फॉर्म मोठा करून पाहिला. १९११ ला एक नवा प्रश्न होता: लग्नाला किती वर्षं, मुलं किती झाली, त्यातली हयात किती. हा प्रश्न फक्त नवरा असलेल्या बायकांसाठी. विधवांनी तो रकाना कोरा सोडायचा होता. पण आमच्या म्हातारीनं उत्तर दिलं होतं. लिहिता न येणाऱ्यांचे फॉर्म बऱ्याचदा गणनेला आलेला पोलीसच भरून देई. त्यानं लिहून घेतलं असणार आणि मग नियम आठवून आडवी रेघ मारली असणार. रेघेखालचे आकडे स्वच्छ वाचता येत होते. झालेली ९. हयात ६.

सासूबाईंनी वही काढली. चर्चच्या नोंदींतून नऊही नावं आमच्याकडे होतीच. दोन मुलं लहानपणीच गेलेली, त्यांच्या मृत्यूच्या नोंदी डब्लिनला मिळाल्या होत्या. एक मुलगी बॉस्टनमध्ये बाळंतपणात गेली, हे सासूबाईंना आजीकडून माहीत होतं. नवातून तीन गेले, सहा. आता सहाजण मोजायचे. घरातला मुलगा एक. शेजारच्या पॅरिशमध्ये दिलेली मुलगी दोन. बॉस्टनमध्ये थोरली तीन, ब्रिजेट चार, धाकटी पाच.

“आणि सहावा?” सासूबाई म्हणाल्या.

सहावा म्हणजे खाणीतला भाऊ. १८८७ ला बहिणीनं छापून शोधलेला. त्यानंतर चोवीस वर्षं गेली होती. पोलीस दारात कागद घेऊन उभा, आणि जो प्रश्न तिला विचारायचाच नव्हता त्याचं उत्तर तिनं दिलं, आणि त्यात त्यालाही धरलं.

त्याचं पत्र आलं होतं म्हणून धरलं, की नव्हतं आलं तरी धरलं? आम्ही तिघी त्या टेबलाशी कितीतरी वेळ बसलो होतो. घरमालकीणबाई सांगत होत्या, अमेरिकेला निघालेल्याच्या आदल्या रात्री इथं घरात मयताच्या रात्रीसारखं जागरण करत, त्याला ‘अमेरिकन वेक’ म्हणत. माणूस परत दिसायचा नाही हे सगळे धरूनच चालत. या बाईनं अशी किती जागरणं केली? निदान पाच. आणि तरी विचारल्यावर सहा म्हणाली.

मला माझी आई आठवली. लग्नानंतर आमच्या रेशनकार्डावरचं माझं नाव तिनं कमी करू दिलं नाही. तलाठ्यापासून मामापर्यंत सगळ्यांनी सांगून झालं. दरवेळी तिचं एकच, “असू दे, कुणाचं काय जातंय.” मी त्यावरून तिच्यावर चिडलेही आहे. त्या रात्री तिला फोन केला, साताऱ्यात पहाट होती. काय सांगायचं ते सुचलं नाही. लोणी किती छान आहे ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबेना म्हणून डूलॉखच्या खोऱ्यात गाडी घातली. दुष्काळाच्या दिवसांत, १८४९ च्या मार्चअखेर लुईसबर्गला मदतीसाठी जमलेल्या भुकेल्यांना सांगण्यात आलं की तपासणी उद्या सकाळी डेल्फीच्या बंगल्यावर होईल. ते रात्रभर त्या थंडीवाऱ्यात चालत गेले. तिथं त्यांना रिकाम्या हातानं परत पाठवलं, आणि परतीच्या वाटेवर कित्येकजण पडले ते उठलेच नाहीत. १८४१ ला मेयोत ३ लाख ८८ हजार माणसं होती, दहा वर्षांनी पावणेतीन लाखांच्या आत. ब्रिजेटची आई याच पॅरिशमधली, तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेल. तळ्याकाठच्या स्मारकावर गांधीजींचे शब्द कोरलेले आहेत: दुसऱ्या माणसाला हीन करण्यात माणसांना स्वतःचा मान कसा वाटतो? त्या उजाड खोऱ्यात ते वाचताना अंगावर काटा आला.

वाडी सापडली तिसऱ्या दिवशी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ग्रिफिथची जमीनपाहणी झाली, तिच्या नकाशावर प्रत्येक कुळाच्या जमिनीला क्रमांक आहे. तो नकाशा फोनवर धरून आम्ही एका मेंढपाळ शेतकऱ्याच्या फाटकाशी उभे राहिलो. त्यानं आडनाव ऐकलं, क्रमांक बघितलासुद्धा नाही, म्हणाला, “म्हणजे तुम्हाला त्यांचं शेत हवंय.” तिथं त्या आडनावाचं कुणीही शंभरेक वर्षांत राहिलेलं नाही, पण शेताचं नाव अजून तेच. पाय घसरतील म्हणून त्यानं सासूबाईंचा हात धरून त्यांना चढावर नेलं.

घर म्हणजे कमरेएवढ्या तीन भिंती. आत नेटल, म्हणजे खाजरी झुडपं, वाढलेलं, मेंढ्यांच्या लेंड्या. मागच्या उतारावर बटाट्याचे जुने वाफे, आपल्या सरी-वरंब्यासारखे, गवताखालूनही उठून दिसणारे. पुढच्या भिंतीत एके ठिकाणी दगड सरळ रेषेत रचलेले होते, ती खिडकीची खालची कड. शेतकऱ्यानं हातातल्या काठीनं नेटल बाजूला केलं. सासूबाई आत गेल्या आणि त्या कडेवर दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या.

पाऊस उघडला होता. तिथून क्लेअर बेट दिसतं, आणि त्याच्या डावीकडे नुसतं पाणी.