'चर्चा झाली' की 'ठरले'?

वीस वर्षं मी बैठकांची इतिवृत्तं लिहिली. त्या कामात सगळं एका शब्दावर अडतं: 'चर्चा झाली' लिहायचं की 'ठरले'. मसुदा फिरला की कुणीतरी येऊन हळूच म्हणणारच, "मॅडम, तेवढं 'ठरले' काढा ना." जे ठरलं होतं ते मी कधी काढलं नाही. म्हणून कतार आणि बहारीनच्या खटल्याचा निकाल वाचायला घेतला आणि सरसावून बसले.

डिसेंबर १९९० मध्ये दोहात या दोन देशांच्या आणि सौदी अरेबियाच्या परराष्ट्रमंत्र्यांनी एका इतिवृत्तावर सह्या केल्या. सौदी राजांची मध्यस्थी मे १९९१ पर्यंत चालेल, त्यानंतर सीमावाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेता येईल, असं त्यात होतं. जुलैमध्ये कतार खरंच न्यायालयात गेला. बहारीन म्हणालं, ही तर वाटाघाटींची नुसती नोंद! त्याच्या परराष्ट्रमंत्र्यांनीही सांगितलं, मी राजकीय समजुतीवर सही केली, करारावर नाही. १९९४ साली न्यायालयाने हे मानलं नाही. त्या कागदात नुसतं बोलणं नोंदवलेलं नव्हतं, दोघांनी काय कबूल केलं तेही होतं. अशा मजकुरावर सही केल्यावर आपल्या मनात वेगळंच होतं, हे मागाहून सांगून उपयोग नाही.

कधी सहीचीही गरज पडत नाही. १९१९ मध्ये नॉर्वेचे परराष्ट्रमंत्री इलेन यांनी डेन्मार्कच्या राजदूताला तोंडी सांगितलं, ग्रीनलँडवरच्या डेन्मार्कच्या हक्काच्या प्रश्नात आमचं सरकार अडचण आणणार नाही. त्याची टिपणी त्यांनी स्वतःच लिहून ठेवली होती. (मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो यासाठी.) १९३१ मध्ये नॉर्वेने पूर्व ग्रीनलँडच्या एका भागावर ताबा जाहीर केला, आणि १९३३ मध्ये हेगच्या न्यायालयाने तो शब्द नॉर्वेवर बंधनकारक धरला.

बोलिव्हियाने मात्र मला अस्वस्थ केलं. एकोणिसाव्या शतकातल्या युद्धात त्याचा किनारा चिलीकडे गेला. पुढे समुद्रापर्यंत वाट मिळावी म्हणून दोघांत कितीतरी वर्षं बोलणी झाली, पत्रं झाली, निवेदनं झाली. एवढ्यावरून चिलीवर वाटाघाटींचं बंधन येतं, असा बोलिव्हियाचा दावा होता. २०१८ मध्ये न्यायालयाने तो १२ विरुद्ध ३ मतांनी फेटाळला. बोलायची तयारी दाखवली म्हणून बांधलं जात असेल तर पुन्हा बोलायला बसणार कोण, हे मला पटतं. तरी निकाल वाचताना मी त्या सगळ्या पत्रव्यवहारात 'ठरले' शोधत होते. ते कुठेच नव्हतं.