तालीम कुणी उचलून नेत नाही

कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे असतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार. शाहू स्टेडियमवर सामना असला की आमची पेठ ओस पडायची, आणि हरून परत येणाऱ्यांच्या चालण्यावरूनच आजीला निकाल कळायचा. संघ पेठेचा असतो हे मला कुणी शिकवलं नाही. संघाला मालक असतो, तो संघ विकू शकतो, दीड हजार मैलांवर उचलून नेऊ शकतो, हे मात्र वयाच्या अडतिसाव्या वर्षी सिएटलमध्ये शिकलो.

१९९७ साली मी इथे नोकरीला आलो. हिवाळ्यात साडेचारला अंधार, ओळखीचं कुणी नाही. ऑफिसातल्या एकाने सिएटलच्या बास्केटबॉल संघाच्या, सुपरसॉनिक्सच्या (लाडाने सॉनिक्स) सामन्याला नेलं. त्यांचा गॅरी पेटन समोरच्या खेळाडूला असा चिकटायचा की बिचाऱ्याला चेंडू जमिनीवर टेकवायचीही चोरी. त्या रात्री शेजारच्या म्हाताऱ्याने मला १९७९ च्या विजेतेपदाची गोष्ट सांगितली, लेनी विल्कन्स प्रशिक्षक होते तेव्हाची. घरी येताना मला पहिल्यांदा वाटलं, आपण या गावात राहतो.

२००१ मध्ये स्टारबक्सवाल्या हॉवर्ड शुल्ट्झ यांच्या गटाने संघ घेतला. आम्हाला बरंच वाटलं, आपल्या गावचा माणूस. पण संघाचं स्टेडियम, 'की अरीना', लहान पडतं, पैसा सुटत नाही, सरकारने खर्च करावा असं त्यांचं म्हणणं. ते जमलं नाही आणि जुलै २००६ मध्ये त्यांनी संघ ३५ कोटी डॉलरला ओक्लाहोमा सिटीच्या क्ले बेनेट यांच्या गटाला विकला. त्याच नोव्हेंबरात सिएटलच्या मतदारांनी ठरवलं की शहराला रास्त परतावा मिळत नसेल तर खेळाच्या मालकांना शहराचा पैसा द्यायचा नाही. चारांतल्या जवळजवळ तिघांनी तसं मत दिलं. मला तेव्हा मतदानाचा हक्क नव्हता. असता तर मीही तेच मत दिलं असतं, आणि आजही देईन. अब्जाधीशांच्या इमारतीसाठी लोकांनी कर का भरावा?

नव्या मालकांनी सिएटलजवळच्या रेंटन गावात ५० कोटी डॉलरच्या अरीनाची मागणी केली. विधिमंडळाने ती मान्य केली नाही. इथपर्यंत मी समजून घेऊ शकतो, व्यवहार आहे. पण ऑगस्ट २००७ मध्ये त्यांच्यातलेच एक भागीदार, ऑब्री मॅक्लेंडन, तिकडच्या वर्तमानपत्राला सांगून बसले की संघ सिएटलमध्ये ठेवायला आम्ही घेतलाच नव्हता. लीगने, म्हणजे या सगळ्या संघांच्या एनबीएने, त्यांना अडीच लाख डॉलर दंड केला. वर्षभर आम्हाला 'प्रामाणिक प्रयत्न चालू आहेत' असं ऐकवलं जात होतं. माझा खरा राग तिथला आहे. न्यायचं होतं तर तोंडावर सांगून न्यायचं.

१३ एप्रिल २००८. शेवटचा घरचा सामना, समोर डॅलस. मी नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन गेलो होतो. वडीलही तेव्हा आमच्याकडे आले होते, त्यांना स्वेटरवर स्वेटर घालून नेलं. त्या मोसमात संघाने सगळे मिळून २० सामने जिंकले, ६२ हरले, पण त्या रात्री ९९-९५ ने जिंकला. एकोणीस वर्षांचा केव्हिन ड्युरंट शेवटी शेवटी हात वर करून लोकांना आणखी ओरडा म्हणत होता. 'सेव्ह अवर सॉनिक्स' हा घोष काही केल्या थांबेना. वडिलांना बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मी त्यांना समजावून सांगितलं, संघ दुसऱ्या गावी चाललाय. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अरं, तालीम काय मालकाची असती व्हय?"

पाच दिवसांनी लीगमधल्या संघांच्या मालकांनी या स्थलांतरावर मतदान केलं, बाजूने २८, विरोधात २. विरोधात फक्त डॅलसचे मार्क क्युबन आणि पोर्टलंडचे पॉल ॲलन. अरीनाच्या करारावरून शहराचा मालकांशी खटला चालू होता, तो २ जुलैला शहराने साडेचार कोटी डॉलर घेऊन मिटवला. करार २०१० पर्यंत होता, खटला लढवायला हवा होता असं मला अजून वाटतं. नाव आणि हिरवा-सोनेरी रंग आमच्याकडे राहिले. खेळाडू गेले.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. २०१३ च्या सुरुवातीला बातमी आली की सिएटलचा एक गट सॅक्रामेंटोचा किंग्ज संघ विकत घेऊन इथे आणणार. तिकिटांची प्रतीक्षायादी उघडली आणि मी त्याच दिवशी नाव घातलं. मुलाला उठवून सांगितलं. सॅक्रामेंटोतही कुणीतरी आपल्या पोराला घेऊन शेवटच्या सामन्याला जाणार होतं, तिथेही लोक घसा फोडून ओरडत होते, हे मला दिसत होतं. तरी मी नाव काढलं नाही. मे महिन्यात मालकांनी २२ विरुद्ध ८ ने ते स्थलांतर फेटाळलं, तेव्हा मला वाईट वाटलं. सॅक्रामेंटोची माणसं वाचली याचा आनंद व्हायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस मी विसरलेलो नाही. बेनेट आणि त्यांच्या भागीदारांनी आमचा संघ नेला तो नेलाच, पण दुसऱ्याचा न्यावा असं मलाही वाटायला लावलं.

जून २०२५ मध्ये ओक्लाहोमा सिटी, म्हणजे आमच्याकडून नेलेलाच संघ, विजेता ठरला. मी अंतिम फेरीचा सातवा सामना पाहिला नाही, त्या संध्याकाळी बागेत पाणी घालत बसलो. तिकडच्या लोकांवर माझा राग नाही, त्यांनी संघावर मनापासून प्रेम केलंय.

आता सिएटलला पुन्हा संघ मिळण्याची चर्चा आहे. परवा मुलाचा फोन आला. "बाबा, यादी उघडली तर तुमचं नाव घालू?"

मी म्हटलं, "नवा असेल तरच घाल. कुठून उचलून आणत असतील तर नको."