बदकाचं डाऊन घ्यायचं की गूजचं?

आमच्या आबांचे गुडघे थंडीत फार धरतात, आणि घरातली कापसाची रजई एवढी जड की रात्री कूस बदलताना त्यांना ती पायावरनं सरकवता येत नाही, म्हणून यंदा त्यांच्यासाठी डाऊनची दुलई घ्यायची ठरवलं. ऑनलाईन बघायला बसलं की पहिल्यांदा हाच प्रश्न येतो, बदक की गूज (इंग्रजीतला goose, हंसासारखा पक्षी), आणि किमतीत फरक बराच.

आधी एक सांगते, डाऊन म्हणजे पीस नव्हे. पीस चपटं, मधे दांडी, आणि तीच दांडी पुढं अभ्र्यातनं टोचते. डाऊन म्हणजे पिसांखालची लव, एका ठिपक्यातनं चहूबाजूंनी बारीक तंतू फुटलेले, दांडी नाहीच. चिमटीत दाबून सोडलं की परत फुगतं, आणि त्यात अडकलेली हवाच ऊब धरते. म्हणून लेबलवर डाऊन किती टक्के आणि फेदर, म्हणजे पीस, किती टक्के हे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

मग येतो फिल पॉवरचा आकडा. एक औंस, म्हणजे साधारण 28 ग्रॅम डाऊन फुगून किती क्यूबिक इंच जागा घेतं, तो हा आकडा. गूज मोठा पक्षी, त्याचे गुच्छही मोठे, त्यामुळं 800 च्या वरचा माल बहुतेक त्याचाच असतो. पण 650 चं बदकाचं आणि 650 चं गूजचं, भरलेलं वजन सारखं असेल तर ऊब सारखीच की! आकडा मोठा म्हणजे दुलई जास्त गरम असं नाही, तेवढीच ऊब कमी वजनात मिळते इतकंच, म्हणून आत एकूण किती ग्रॅम भरलंय तेही बघा. पांढरं की करडं याचा उबेशी काही संबंध नाही.

आपल्याकडची थंडी काही बर्फाची नव्हे. बेळगावात डाऊनचा खरा वैरी पाऊस. जून ते सप्टेंबर घरात जी ओल असते, खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं तर विचारूच नका, त्यात डाऊन दमट झालं की गोळे होतात, फुगणं जातं, आणि बदकाच्या डाऊनला, नीट धुतलेलं नसेल तर, वासही मारतो. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवू नका, सुती खोळीत सैल ठेवा आणि उघडीप मिळाली की वारं द्या. धुवायचं तर ड्रायर पाहिजे, मंद आचेवर, आत दोन-तीन टेनिस बॉल टाकून, नाहीतर आतला ओलावा जातच नाही. त्यापेक्षा वरनं खोळ घाला आणि खोळच धुवा.

मी बदकाचं घेणार आहे, 600-650 चं, डाऊन 80 टक्क्यांच्या वर, दाट विणीचं सुती कापड, चौकोनी शिवण म्हणजे माल एका कोपऱ्यात जमत नाही. आणि आरडीएसचा, म्हणजे ‘रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड’चा, शिक्का हवाच. हे मानक 2014 साली आलं, जिवंत पक्ष्याची पिसं उपटायची नाहीत आणि त्याला जबरदस्तीनं चारायचं नाही हे त्यात आहे. चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण तसल्या हालातनं आलेली ऊब मला आबांच्या अंगावर घालायची नाही.

उशीत मात्र नुसतं डाऊन नको, डोकं खोल जातं आणि मान अवघडते. पिसं मिसळलेली बरी, नाहीतर सरळ सावरीच्या कापसाची भरून घ्या.