पुसलेले ठिपके

त्या पेटीत 31 चाकू होते आणि त्यांतल्या 11 चाकूंची जन्मतारीख कुणीतरी पुसून टाकली होती. चाकू अस्सल होते, कारखान्याचे होते. फक्त वय खोटं होतं.

मी पेनसिल्व्हेनियाच्या वायव्य कोपऱ्यातल्या एका लिलावघरात काम करतो. माणूस गेला की मुलं घर रिकामं करतात. गॅरेजमधलं, तळघरातलं, ड्रॉवरमधलं सामान आमच्याकडे येतं, आणि चाकू-हत्यारांच्या नोंदी मी करतो. त्याआधी भोसरीत 14 वर्षं टूलरूममध्ये डायमेकर होतो. पोलादावर ठसा कसा उमटतो, पाणी देण्याआधीचा ठसा आणि नंतर कोरलेली खूण यांत काय फरक असतो, हे तिथे शिकलो. इथे त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

हा पट्टाच चाकूंचा. ब्रॅडफर्डला ‘केस’ कंपनीचा कारखाना, टायट्सव्हिलला 2018 पर्यंत क्वीनचा होता, राज्याची हद्द ओलांडली की न्यूयॉर्कच्या ओलियनमध्ये का-बार. त्यामुळे इथल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या खिशात एक आणि ड्रॉवरमध्ये चार चाकू असतातच. लोक ते आणताना मोठी चूक करतात: आदल्या रात्री बफवर चढवून चकाचक करतात. पात्यावरचे कारखान्यातल्या पॉलिशचे माग जातात, ठशाच्या कडा गोल होतात, आणि साठ वर्षं जपलेल्या वस्तूची किंमत दहा मिनिटांत निम्मी होते. मला दर वेळी वाईट वाटतं. कृपा करून चाकू आहे तसा आणा, मळलेला आणा.

ती पेटी आणणाऱ्या बाई ऐंशीच्या पुढच्या होत्या. पेटी शिवणकामाची, आत दोन कप्पे, प्रत्येक चाकू मोज्यात गुंडाळलेला. नवरा आठ महिन्यांपूर्वी गेला होता. चाकू हीच त्याची खरी बचत, असं तो म्हणायचा म्हणे. छप्पर दुरुस्त करायचं होतं, म्हणून त्या विकायला आल्या होत्या.

पहिलं काम ठरलेलं: सेल्युलॉइडच्या मुठी शोधून बाजूला करायच्या. जुनं सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून आम्लारी वाफ सुटते आणि शेजारचे निरोगी चाकू गंजवते. या पेटीतही पिवळसर मुठीच्या एका चाकूने तीन शेजारी खाल्ले होते. मग एकेक पातं उघडायचं, कान देऊन. पात्यामागची कमान, म्हणजे स्प्रिंग, शाबूत असली तर शेवटी ‘खट्ट’ असा कोरडा आवाज येतो. कमान थकली असेल तर पातं नुसतं येऊन टेकतं.

मग टँग. पात्याचा मुठीला लागून असलेला, धार नसलेला तो चौकोनी तुकडा. चाकूची सगळी कुंडली तिथे असते. केसचा ठसा तर एखाद्या दाखल्यासारखा वाचता येतो. 1940 ते 1964 या काळात नुसतं ‘केस’ आणि खाली दोन एक्स. 1965 पासून त्याखाली ‘यू.एस.ए.’ आलं. 1970 साली त्याच्याही खाली दहा ठिपके आले, आणि पुढे दर वर्षी एक ठिपका कमी होत गेला. 1979 चा चाकू म्हणजे एक ठिपका. मागच्या बाजूला नमुन्याचा क्रमांक: 6254 मधला 6 म्हणजे कोरीव हाडाची मूठ, 2 म्हणजे दोन पाती, 54 म्हणजे ‘ट्रॅपर’ हा नमुना. 5 ने सुरू झाला तर मूठ सांबरशिंगाची. ठिपक्यांची बातमी फुटल्यावर संग्राहकांनी हार्डवेअरच्या दुकानांतून जुन्या ठशाचे चाकू प्रदर्शनाच्या फळ्यांसकट उचलून नेले होते. ठिपका नसलेला चाकू तेव्हापासून महाग.

पेटीत केसचे 14 चाकू. त्यांतले 11 नुसत्या ‘दोन एक्स’चे, म्हणजे 1964 किंवा त्याआधीचे. इतके सारे, इतके स्वच्छ. मी हरखलो होतो, खोटं कशाला सांगू. एक 6254 हातात घेतला, उघडला, खिडकीच्या उजेडाकडे धरून पाठीकडून पाहिला, आणि पातं आणि पितळी पत्रा यांच्यामधून उजेडाची एक बारीक रेघ दिसली. एकाच बाजूने. ठशाच्या बाजूने.

इतक्या कमी वापरलेल्या चाकूत तिथे रेघ दिसायला नको. मी टोकदार मायक्रोमीटर काढला. ‘केस’ या अक्षरांपाशी जाडी घेतली, मग अर्धा सेंटिमीटर खाली, जिथे कोरं पोलाद होतं तिथे घेतली. खाली चार थाऊ कमी; थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. टँग त्या जागी असा उतरता नसतो, कारखान्यात दोन्ही बाजू सपाट घासूनच पुढे जातात. भिंगाखाली पाहिलं. कारखान्याच्या पॉलिशचे माग आडवे जात होते. त्या कोऱ्या जागेत मात्र तिरक्या, एकाच दिशेच्या रेघा होत्या, बारीक एमरीच्या, वर फेल्टने झाकलेल्या. ‘यू.एस.ए.’ आणि ठिपके होते तेवढाच भाग कुणीतरी खरवडून काढला होता. काम इतकं सफाईचं होतं की डोळ्याला कळणार नाही, बोटालाही नाही. मायक्रोमीटरलाच कळलं. मी टूलरूममध्ये अशा हाताच्या माणसाला लगेच ठेवून घेतलं असतं.

बाकीचे दहा तपासले. तीन ते पाच थाऊ. सगळीकडे त्याच तिरक्या रेघा.

माझा पहिला विचार साहजिकच, बिचाऱ्याला कुणीतरी वर्षानुवर्षं फसवलं. मग पेटीचा खालचा कप्पा उचलला. रिकाम्या मोज्यांच्या खाली एक चपटा तंबाखूचा डबा होता. आत पेन्सिलीएवढ्या दांड्यांवर बसवलेले फेल्टचे गोळे, एमरीच्या कापलेल्या पट्ट्या, लाल पॉलिशची वडी, आणि लाकडाचा एक छोटा ठोकळा, टँगच्या मापाची खाच असलेला, बोल्स्टरला, म्हणजे मुठीच्या टोकाच्या धातूला, ओरखडा जाऊ नये म्हणून चामडं लावलेला. जिग, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायचा साचा. माणसाने या कामासाठी जिग बनवली होती. एकदोन चाकूंसाठी कुणी जिग बनवत नाही.

बाई समोर कॉफी पीत होत्या. म्हणाल्या, ‘‘शनिवारी शनिवारी अदलाबदलीच्या मेळ्याला जायचे. मी सँडविच बांधून द्यायची. येताना नेहमी खुशीत असायचे.’’

मी डबा बंद केला. त्यांना एवढंच सांगितलं की 11 चाकूंचे ठसे नंतर बदललेले आहेत, मी ते नोंदीत लिहिणार, आणि किंमत बरीच कमी येईल. त्या म्हणाल्या, ‘‘म्हणजे त्यांना कुणी फसवलं?’’ मी म्हणालो, ‘‘असे बदललेले चाकू त्या काळी बाजारात खूप फिरत होते.’’ वाक्य खरं होतं. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र नव्हतं.

मालकांशी त्या दिवशी वाजलं. त्यांचं म्हणणं, ‘जुने चाकू, आहेत तसे’ लिहा आणि मोकळे व्हा. ‘आहे तसं’ हे या धंद्यातलं सगळ्यात आळशी वाक्य आहे. ज्याला ठाऊक आहे त्याने गप्प बसायचं आणि ज्याला ठाऊक नाही त्याने पैसे मोजायचे, एवढाच त्याचा अर्थ. मी प्रत्येक नोंदीत ‘ठसा बदललेला’ लिहिलं, मोजलेली जाडी लिहिली, फोटो लावले. डबा मात्र किरकोळ हत्यारांच्या खोक्यात टाकला, कशाचा ते न लिहिता.

मला चीड आली ती वेगळ्याच कारणाने. त्या 11 चाकूंवर ठिपके कुठले होते, दहा की सात की तीन, ते आता कुणालाही कधीच कळणार नाही. 1970 चा दहा ठिपक्यांचा, न वापरलेला चाकू आज लोक हौसेने शोधतात. त्याच्याकडे तसे असणार. कारखान्याने स्वतःच्या हाताने लिहिलेलं साल त्याने चार पैशांसाठी घासून टाकलं, आणि इतक्या सुंदर हाताने घासलं.

14 पैकी उरलेल्या तिघांत एक त्याच्या खिशातला होता. सांगावं लागलं नाही. पातं धार लावून लावून निम्मं राहिलेलं, बोल्स्टर गुळगुळीत, मूठ सांबरशिंगाची. हे शिंग अमेरिकेत बहुतेक आपल्याकडूनच यायचं, 1990 च्या दशकाच्या अखेरीस भारताने निर्यात बंद करेपर्यंत. माझी आजी सांबरशिंगाचा तुकडा सहाणेवर उगाळून छातीला लेप लावायची. तो खडबडीतपणा हाताला आधी कळला, डोळ्यांना नंतर. उघडून पाहिलं. टँगवर सहा ठिपके, 1974, स्वच्छ, एकही न पुसलेला. मी तो बाईंना परत दिला, म्हटलं हा विकू नका, याचे काही येणार नाहीत. त्यांनी तो पर्समध्ये टाकला.

छपराच्या निम्म्याएवढे पैसे झाले.

पाच आठवड्यांनी एक निवृत्त ट्रकचालक एकच चाकू घेऊन आला, नातवाच्या कॉलेजसाठी. 1983 मध्ये मेळ्यात घेतलेला, त्या वेळचा आठवड्याचा पगार देऊन. दोन एक्सचा 6254. मी तो उजेडाकडे धरला, मग मायक्रोमीटर लावला. साडेचार थाऊ. भिंगाखाली तिरक्या रेघा.

मी त्याला रेघ दाखवली, आकडे दाखवले. तो बराच वेळ भिंगातून बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘असे अजून पाहिलेत का तुम्ही?’’

‘‘हो,’’ मी म्हणालो.

‘‘कुणाचे होते?’’

आमच्या नियमाप्रमाणे विकणाऱ्याचं नाव सांगता येत नाही. मी त्याला नियम सांगितला. त्याने चाकू मिटला, खिशात घातला, आणि आभार मानून गेला.