डब्याच्या बुडाशी लिहिलेलं गाव

वहीत आता बिअरचे ४१ कॅन आणि ११ बाटल्या झाल्या. सगळ्या जपानी नावाच्या, सगळ्या सवलतीत घेतलेल्या. ‘जपानी नावाच्या’ असं मुद्दाम म्हणतोय. ५२ पैकी खुद्द जपानात बनलेल्या निघाल्या १९. उरलेल्या ३३ जणींचं माहेर इटली, कॅनडा, अमेरिका, व्हिएतनाम असं चहूकडे विखुरलेलं.

हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा कुणीतरी टोपी घातल्यासारखं वाटलं होतं. मग बरेच महिने मी एकच अट धरून बसलो: पाठीवर ‘जपान’ दिसलं तरच उचलायची. ती अट मी या महिन्यात सोडली. का सोडली ते पुढे येतंच आहे, पण नुकतेच या नादाला लागलेले दोघंतिघं विचारत होते म्हणून आधी पाठ वाचायची कशी ते सांगतो.

सगळ्यात सोपी खूण म्हणजे माप. जपानी कॅन सहसा ३५० किंवा ५०० मिलिलिटरचा असतो. ३३० दिसलं की युरोपाकडे बोट दाखवायचं, ३५५ दिसलं की उत्तर अमेरिकेकडे, कारण ३५५ म्हणजे तिकडचे १२ औंस. सप्पोरो या जपानी बिअर कंपनीचा तो कमरेत बारीक, हातात घेतला की वजनदार वाटणारा चंदेरी डबा पाहिला असेल. त्यावर ६५० लिहिलेलं असतं, म्हणजे २२ औंस. तोही उत्तर अमेरिकेचाच हिशोब. बाटल्यांची जपानी मापं मात्र अशी विचित्र आहेत की एकदा पाहिली की विसरत नाहीत: मोठी ६३३, छोटी ३३४. या ६३३ ची गोष्ट मला फार आवडते. पूर्वी दर ब्रुअरीची, म्हणजे बिअरच्या कारखान्याची, मोठी बाटली थोडी लहानमोठी असायची आणि कर मोजताना पंचाईत व्हायची. १९४४ साली सगळ्यांना एकच माप लावलं, तेव्हा चालू बाटल्यांतली सर्वांत छोटी, म्हणजे ६३३.१६८ मिलिलिटरची, प्रमाण धरली. कारण अगदी घरगुती आहे. मोठ्या बाटलीत कमी भरता येतं, छोटीत जास्त कोंबता येत नाही.

दुसरी खूण बोटांनी वाचायची. जपानी बाजारासाठी बनलेल्या बहुतेक कॅनच्या झाकणावर, ओढायच्या कडीजवळ, ब्रेलचे बारीक ठिपके उमटवलेले असतात. त्यांचा अर्थ ‘ओसाके’, म्हणजे दारू. न दिसणाऱ्या माणसाने सरबत समजून उघडू नये म्हणून. माझ्या वहीतल्या जपानी १९ पैकी कॅन होते १५, त्यातल्या १३ वर ठिपके सापडले. आता दुकानातल्या सवलतीच्या टोपलीत हात घातला की मी आधी झाकणं चाचपतो. आजूबाजूचे लोक बघत राहतात, त्याला इलाज नाही.

तिसरी खूण म्हणजे सरळ मजकूर वाचणं. तो असतोच, फक्त मुंगीएवढ्या अक्षरात. माझी पहिली इटालियन निघाली ती ‘असाही’ या जपानी कंपनीची सुपर ड्राय. पुढे सगळी जपानी अक्षरं, मागे इटली. असाहीने २०१६ मध्ये पेरोनी, ग्रोल्श आणि मीनटाइम हे ब्रँड विकत घेतले आणि मग युरोपासाठीची सुपर ड्राय पेरोनीच्या इटलीतल्या पादुआ इथल्या कारखान्यात बनू लागली. त्याआधी ती चेक प्रजासत्ताकात बनायची, आणि इंग्लंडात केंटमधली शेफर्ड नीम ही जुनी ब्रुअरीही परवान्यावर ती बनवत असे. म्हणजे जुन्या आठवणीतली ‘विलायतेत प्यालेली असाही’ कुठली होती हे सालावरून ताडावं लागतं.

सप्पोरोची फिरती त्याहून मोठी. कंपनीने २००६ मध्ये कॅनडातली स्लीमन ही बिअर कंपनी घेतली, म्हणून वहीतल्या सप्पोरोपैकी निम्म्यांवर ओंटारिओ प्रांतातल्या ग्वेल्फचं नाव आहे. २०११ पासून व्हिएतनाममध्ये लाँग आनला तिचा स्वतःचा कारखाना आहे. २०२२ मध्ये तिने अमेरिकेतली स्टोन ब्रुइंग घेतली, तीही तिथे बिअर बनवायला जागा हवी म्हणूनच. अमेरिकेत किरिन ही आणखी एक जपानी बिअर बनवायचं काम बरीच वर्षं अनहॉयझर-बुश या तिथल्या कंपनीकडे राहिलं. तिथल्या लेबलावर लॉस एंजेलिस आणि व्हर्जिनियातलं विल्यम्सबर्ग अशी नावं सापडतात. तिथे यावरून ग्राहक कोर्टातही गेले. सप्पोरोविरुद्धचा दावा २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने फेटाळला. कुठे बनली ते कॅनवर छापलेलं आहे, वाचा की, असा एकूण सूर. मला तेव्हा राग आला होता. आता भिंग घेऊन कॅन वाचायला बसतो तेव्हा पटतं, पण अर्धंच. भिंग लागतं हेही खरंच ना.

आणि अस्सलपणाचं म्हणाल तर मुळात सप्पोरोचा पहिला ब्रुअर नाकागावा सेइबेई ही विद्या जर्मनीत शिकून आला होता. १८७६ मध्ये जपानच्या होक्काइदो बेटावर सरकारी ब्रुअरी सुरू झाली ती त्याच्या भरवशावर. किरिनची मुळं योकोहामातल्या ज्या स्प्रिंग व्हॅली ब्रुअरीत जातात, ती काढणारा विल्यम कोपलँड जन्माने नॉर्वेचा.

आता तारखा. इथे मी सगळ्यात जास्त मार खाल्लाय, आणि एकदा लॉटरीही लागली. जपानी कॅनच्या बुडाशी बहुधा दोन ओळी असतात. एक ‘शोमी किगेन’, म्हणजे चव चांगली राहण्याची मुदत. दुसरी ‘सेइझो’, म्हणजे बनवल्याची वेळ. वर्ष आधी, मग महिना. त्यापुढे दिवसाच्या जागी पुष्कळदा एकच चित्राक्षर येतं. आडव्या रेघेवर उभी रेघ उभी असेल तर महिन्याचे पहिले दहा दिवस. चौकटीतून उभी रेघ आरपार गेली असेल तर मधले दहा. आडव्या रेघेखाली उभी रेघ लोंबत असेल तर शेवटचे. एवढी तीन चित्रं ओळखता आली की जपानी न शिकताही काम भागतं.

लॉटरी अशी लागली: एका दुकानात यबिसू या जपानी बिअरचे सहा कॅन ‘मुदत संपलेली’ म्हणून निम्म्याहून कमी भावात ठेवले होते. बुडाशी पाहिलं तर दुकानदाराने बनवल्याची ओळ मुदत म्हणून वाचलेली. खरी मुदत संपायला अजून पाच महिने होते. त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे, कॅनकडे आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “घ्यायचेत तर घ्या.” घेतले.

मार खाल्ला तो हाप्पोशुत, म्हणजे कमी माल्टच्या (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य), बिअरसारख्या दिसणाऱ्या पेयात. सोनेरी डबा, वर गव्हाची ओंबी, टोपलीत सगळ्यात स्वस्त. बिअर समजून चार आणले. जपानात बिअरवरचा कर माल्टच्या प्रमाणावर ठरत असे, म्हणून १९९४ मध्ये सन्टोरीने ६५ टक्के माल्टचं ‘हॉप्स’ नावाचं पेय काढलं. बिअर म्हणवून घ्यायला तेव्हा किमान ६७ टक्के लागायचं. तिथून कमी माल्टच्या पेयांची रांगच लागली. आता तो फरक टप्प्याटप्प्याने मिटवत आणलाय; ऑक्टोबर २०२६ पासून ३५० मिलिलिटरमागे सगळ्यांना सारखाच ५४.२५ येन कर ठरलेला आहे. वाईट नव्हतं ते, पाणीदार होतं. पण वहीत ‘बिअर’ रकान्यात मला ते लिहवेना, शेवटच्या पानावर वेगळं लिहिलंय.

आणखी एक तक्रार, नाव न घेता. एक आयातदार आपलं लेबल नेमकं तारखेच्या आणि कारखान्याच्या खुणेच्या डोक्यावर चिकटवतो. चुकून होत असेल असं मी तीन वेळा मानलं. चौथ्या वेळी केस वाळवायचं यंत्र आणून गरम वाऱ्याने लेबल सोडवलं. युक्ती छान चालते, फक्त कॅन आधी रिकामा करा. गरम बिअरचं काय होतं ते पुढे आहेच. कारखान्याची खूण म्हणजे एखादं अक्षर किंवा आकडा असतो आणि त्यावरून गाव काढता येतं. असा शोध घेताना एक किरिन सेन्दाईची निघाली. ११ मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीत त्या कारखान्याच्या काही अजस्र टाक्या आडव्या झाल्या होत्या, आणि त्याच वर्षाच्या अखेरीआधी तिथून पुन्हा माल बाहेर पडू लागला. तो रिकामा डबा मी टाकला नाही.

तर आता ती अट. मुदत टळलेली जपानी सुपर ड्राय हाती होती, दोन महिने वर गेलेली. तिच्यासमोर इटालियन, ताजी, बनवून तीन महिन्यांची. बहीण ओतणार, मी पाठ करून बसणार. तीन पेले, दोघांत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला कोणता ते सांगायचं. सहा फेऱ्या. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येतंच, म्हणजे सहात दोनदा. मी पाचदा ओळखला. आणि त्या पाचही वेळा ‘ही जास्त आवडली’ म्हणून मी इटालियनकडे बोट दाखवलं. बहीण इतकी हसली की सहावी फेरी तिने सांडली, ती पुन्हा घ्यावी लागली.

जुनी पडलेली जपानी बिअर कशी लागत होती? ओल्या पुठ्ठ्यासारखी. हा वास कल्पनेतला नाही. बिअर जुनी होताना ‘ट्रान्स-२-नॉनेनल’ नावाचा पदार्थ जाणवू लागतो आणि तो अगदी थोडा असला तरी नाकाला लागतो. सुपर ड्रायसारख्या हलक्या, कोरड्या बिअरमध्ये त्याला लपायला जागाच नसते. तिचा सगळा डौल ‘काराकुची’वर, म्हणजे घोटानंतर तोंड स्वच्छ कोरडं होण्यावर, १९८७ मध्ये ती बाजारात आली ती याच एका गुणावर. काळ्या, माल्टाळ बिअरला थोडं वय शोभून जातं, हिला मुळीच नाही. त्यात भर उष्णतेची. ब्रुअर लोकांत एक ढोबळ हिशोब चालतो: बिअर ३२ अंश सेल्सिअसला तीन दिवसांत जेवढी म्हातारी होते तेवढी व्हायला २२ अंशांना ३० दिवस लागतात आणि ३-४ अंशांना ३००. जहाजाच्या पोटात, बंदरात उन्हात उभ्या कंटेनरात, विनाफ्रिज गोदामात किती ‘तीन दिवस’ गेले हे कॅनवर कुठेच छापत नाहीत. मुदत शिल्लक असलेल्या दोन जपानी कॅनही पुठ्ठ्यासारख्या लागल्या होत्या, त्याचं कारण मला तेव्हा कळलं नव्हतं.

मग निष्पक्ष सामना लावला. जपानी आणि इटालियन, दोन्ही चार महिन्यांच्या, दोन्ही घरी आल्यापासून फ्रिजमध्ये. इटालियन बाटलीवर ५.२ टक्के, जपानी कॅनवर ५, म्हणजे पाककृती तंतोतंत एक नसावी. तरी सहात मी दोनदाच ओळखलं. म्हणजे नुसत्या अंदाजाने सांगितलं असतं तरी एवढंच आलं असतं. बाटलीतली कुठली, कॅनमधली कुठली हे ओतणारीलाच माहीत होतं, तेवढी काळजी घेतली होती. किरिन इचिबान शिबोरीची गंमत वेगळी निघाली. तिथे जपानी आणि अमेरिकी सारख्याच वयाच्या असूनही सहात चारदा ओळखल्या. सहाच फेऱ्यांवरून छातीठोक काही बोलायची माझी तयारी नाही. पण जपानी इचिबान फक्त पहिल्या रसाची, म्हणजे माल्ट न धुता आपोआप गळून येणाऱ्या वर्टची (आंबवण्याआधीच्या गोड रसाची) असते आणि २००९ पासून पूर्ण माल्टची आहे. तो गोडसर भरीवपणा मला जाणवतो असं माझं मत. फेऱ्या वाढवणार आहे.

बाटल्यांबद्दल एकच. दुकानाच्या काचेशी मांडलेली हिरवी किंवा पारदर्शक बाटली कितीही स्वस्त मिळो, मी घेत नाही. हॉप्स, म्हणजे बिअरमध्ये घालतात ती कडू फुलं, त्यांच्यातल्या कडू पदार्थांवर उजेड पडला की गंधकाचा असा वास सुटतो की खोली सोडावी वाटते. तपकिरी काच बरीच वाचवते, डबा पूर्ण.

तर सध्या टोपलीपाशी माझा क्रम असा झालाय: आधी बनवल्याची तारीख, मग दुकानात ती कुठे ठेवली होती, आणि गाव सर्वांत शेवटी. गाव मी अजूनही लिहून ठेवतो, तेवढ्याचसाठी तर वही आहे. या महिन्यात नवीन गावं दोन: पादुआ होतंच, लाँग आन आणि विल्यम्सबर्ग पहिल्यांदा आली. ओकिनावातल्या नागोची ओरायन अजून सवलतीत कुठे दिसली नाही. पूर्ण भावात दिसली होती, हात पुढे करून मागे घेतला.

फ्रिजच्या मागच्या कप्प्यात यबिसूचे शेवटचे दोन कॅन आहेत. तिसरा मी मुद्दाम कपाटात, गरम जागी ठेवलाय, पट्टी लावून. सहा आठवड्यांनी बहिणीला पुन्हा बोलावणार आहे. पट्टी कोणत्या डब्यावर होती ते तिला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण कपाट उघडताना तिने पाहिलंय असा मला दाट संशय आहे.